पतिव्रता ग्राहक

घरात मला फारसं कोणी विचारत नाही. ऑफिसात साहेब विचारतात, पण ते 'कालचं व्हाउचर कुठं आहे?' एवढंच. ग्राहक म्हणून मात्र माझा थाट काय वर्णावा! रविवारी दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच मोबाइल कंपनीतली एक कन्यका मला 'सर' म्हणून हाक मारते. (आमच्या घराण्यात 'सर' म्हणवून घेणारा मी पहिलाच.) क्रेडिट कार्डवाल्याला माझी पत माझ्यापेक्षा जास्त माहीत असते. विमावाल्याला माझ्या मरणाची माझ्या बायकोपेक्षा जास्त काळजी असते. ही सारी मंडळी माझ्या मागं लागलेली असतात, कारण मी त्यांना सोडून दुसऱ्याकडे जाईन अशी त्यांना भीती वाटते. मी कोणाला तरी सोडून जाऊ शकतो, ही कल्पनाच मला फार सुखावते.

याला अपवाद एकच, वीज कंपनी. ती मला फोन करीत नाही आणि 'सर' तर मुळीच म्हणत नाही. महिन्यातून एकदा एक कागद पाठवते. त्यात रक्कम, मुदत आणि मुदतीत रक्कम न आल्यास काय होईल, एवढाच मजकूर असतो. आमच्या लहानपणी दरोडेखोरांच्या गोष्टी वाचायला मिळत, त्यातल्या चिठ्ठ्या साधारण याच घाटाच्या असत.

कारण उघड आहे. मी कुठं जाणार नाही हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. मी विजेचा पतिव्रता ग्राहक आहे! वडाला फेऱ्या न मारताही सातही जन्मी हीच कंपनी मिळणार, याची खात्री. ही उपमा मी मोठ्या कौतुकानं सौ.ला ऐकवली. ती म्हणाली, "पतिव्रतेला निदान मंगळसूत्र तरी मिळतं. इथं डिपॉझिटसुद्धा आपणच भरायचं." मी गप्प बसलो.

डिपॉझिटचा विषय निघाला की माझ्यातला बँकवाला जागा होतो. आमच्याकडे माणूस ठेव ठेवतो ती आपखुशीनं. आम्ही त्याला 'या, बसा' म्हणतो. वीज कंपनीकडे ठेव ठेवायची की नाही हे आपण ठरवायचं नसतं, किती ठेवायची हेही नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार महिन्याला बिल येत असेल तर ही सुरक्षा ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी. उन्हाळ्यात पंखे जास्त फिरले, बिलाची सरासरी वाढली की ठेवही वाढवा, असा वेगळा कागद येतो. न्यायाला धरून सांगायचं तर कायद्यानं या ठेवीवर निदान बँक दराइतकं व्याज द्यावं लागतं आणि ते बिलात वळतं होतं. फक्त मुदत संपायची ती आपली किंवा कनेक्शनची, दोहोंपैकी जे आधी संपेल ते!

एकाच दुकानाचा रुबाब काय असतो हे मला काउंटरच्या आतल्या बाजूनं माहीत आहे. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० साली आणखी सहा बँकांचं. जुने हेडकॅशियर सांगतात, त्या काळात पितळेचा टोकन हातात घेऊन माणूस बाकावर बसायचा तो देवळात बसल्यासारखा. ग्राहकाचं महत्त्व सांगणारी पाटी भिंतीवर होती, पण तिच्यावर इतकी धूळ होती की ते महत्त्व कोणाला वाचता येत नसे. नव्वदीच्या मध्याला नव्या खाजगी बँका निघाल्या. त्यांतल्या एकीनं बरोबर समोरच्या इमारतीत शाखा थाटली. काचेचा दरवाजा, गारेगार हवा, आणि आत शिरताच 'गुड मॉर्निंग'. पंधरा दिवसांत आमच्या पाटीवरची धूळ पुसली गेली. म्हणजे आमच्या लोकांना एकाएकी सद्बुद्धी सुचली असं नव्हे. आमचे खातेदार रस्ता ओलांडताना दिसायला लागले, एवढंच.

टेलिफोनचंही तेच. आमच्या वडिलांनी फोनसाठी अर्ज केला तेव्हा मी शाळेत जात नव्हतो. फोन आला तेव्हा वर्गातल्या मुलींना करण्याइतका मोठा झालो होतो. आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. आता मोबाइल कंपनीचा आवाज कसा मधाळ असतो पहा! माणूस उठून जाऊ शकतो एवढं कळलं, की दुकानदाराला आपोआप कंठ फुटतो.

मग विजेलाच काय धाड भरली आहे? तर गोची तारेची आहे. दूधवाले चार असू शकतात, कारण चौघांनाही तोच जिना चढता येतो. पण चार वीज कंपन्या म्हणजे चार खांब, चार तारा, चार डीपी. आमच्या गल्लीत आधीच पाण्यासाठी एकदा, गॅससाठी एकदा आणि केबलसाठी दोनदा खणलं आहे. आता आणखी कोणी खणायला आलं तर लोक खड्ड्यात रस्ता शोधतील. २००३ च्या वीज कायद्यानं एका भागात दुसऱ्याला परवाना मिळायची वाट ठेवली, पण त्यानं स्वतःच्या तारा टाकायला हव्यात अशी अट घातली. वाट आहे, पण ती स्वतः बांधून यायची!

त्याच कायद्यानं बड्या ग्राहकांना हवी त्या ठिकाणाहून वीज घ्यायची मुभा दिली. बडा म्हणजे किती? तर १ मेगावॉट. म्हणजे दोन किलोवॉटचे पाचशे गीझर. हरित विजेसाठी ही मर्यादा २०२२ साली १०० किलोवॉटवर आणली, म्हणजे पन्नास गीझर. आमच्याकडे गीझर एक, आणि तो चालू असताना कोणी इस्त्री लावली तर मेन स्विच पडतो. स्पर्धेचा लाभ घ्यायचा तर मला एकूण पन्नास वेळा अंघोळ करावी लागेल, आणि तीही एकाच वेळी.

राज्याच्या वीज मंडळाचीही आपल्याकडे वाटणी झाली. १९६० साली स्थापन झालेलं मंडळ २००५ साली वाटलं गेलं. वीज तयार करणारी कंपनी वेगळी, ती लांबून वाहून आणणारी वेगळी आणि घरोघर पोचवणारी वेगळी. एकत्र कुटुंबातले तीन भाऊ वेगळे झाल्यासारखं. पण वाटण्या झाल्या तरी वाढायला येणारी वहिनी एकच. ताट पुढं करायचं ते तिच्याचकडे. २००७ साली भिवंडीत वीज वाटपाचं काम एका खाजगी कंपनीकडे सोपवलं. ती स्पर्धा असा अनेकांचा समज झाला. पण गल्ल्यावरचा शेटजी बदलला म्हणून शेजारी दुसरं दुकान निघालं असं होत नाही.

एकाच दुकानाचं बिल कसं असतं हे समजायचं असेल तर तसं बिल आमच्या दूधवाल्यानं दिलं अशी कल्पना करा. "दुधाचे पैसे हे एवढे. दूध तुमच्या दारापर्यंत आणल्याचे निराळे, हा वहन आकार. तुम्ही मे महिन्यात गावाला गेलात, थेंबभर दूध घेतलं नाहीत, पण मी इथं होतो ना? म्हणून हा स्थिर आकार. मागं पेंड महागली होती ते तेव्हा सांगायचं राहिलं, हा इंधन समायोजन आकार. आणि या बेरजेवर सरकारचं १६ टक्के वीज शुल्क!" वर पुन्हा, पहिल्या १०० युनिटांना एक भाव आणि ३०० पर्यंत त्याहून चढा. जगात सगळीकडे डझनावर घेतलं की स्वस्त मिळतं. इथं जास्त घेणाऱ्याला जास्त भाव. यातला शेवटचा भाग अन्यायाचा नाही. एक दिवा आणि एक पंखा लावणाऱ्याला वीज परवडावी म्हणून ती सोय आहे. पण दूधवाल्यानं असं बिल दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी पिशवीचं दूध आणलं असतं. विजेची पिशवी मिळत नाही.

स्पर्धा नाही म्हणजे भाव चढतो एवढंच नाही, हिशेबच दुसऱ्याच्या नावावर मांडला जातो. भारनियमनाच्या दिवसांत राज्यात फीडरांना ए पासून जी पर्यंत श्रेण्या होत्या. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथं अंधार जास्त. आम्ही बँकेत आकडे मांडतो, काही लोक तारेवर आकडे टाकतात. आकडा टाकणारा आणि बिल वेळेवर भरणारा एकाच फीडरवर असले की दोघांचाही पंखा बरोबरच थांबायचा. प्रामाणिक माणसाला 'मी या कंपनीचा चांगला ग्राहक आहे, मला वेगळं वागवा, नाही तर हा चाललो' असं म्हणायची सोयच नव्हती. चाललो म्हणजे कुठं? तर गच्चीवर, वारा खायला.

मुंबईत मात्र एक प्रयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००८ साली लागला आणि २००९ च्या ऑक्टोबरात आयोगानं वाट मोकळी केली. उपनगरातल्या माणसाला त्या वेळच्या रिलायन्सच्या तारेवरून टाटा पॉवरची वीज घेता येऊ लागली. तार जुन्या कंपनीची, बिल नव्या कंपनीचं. लाखांवर लोकांनी अर्ज केले. मग २०११ साली असं ठरलं, की जाणाऱ्यांनी जुन्या कंपनीला क्रॉस सबसिडी सरचार्ज द्यावा, कारण त्यांच्या जाण्यानं मागं राहिलेल्यांवर बोजा पडतो. घटस्फोट मिळाला, पोटगी सुरू झाली! पुढं दर खालीवर झाले तसे काही जण माहेरी परतले. तरी एक गोष्ट झाली. सामान्य माणूस विजेचे दोन दर समोर ठेवून चष्मा लावून बसलेला मुंबईनं पाहिला.

म्हणून आमच्या जेवणाच्या सुट्टीत सध्या ठराव असा आहे, की सगळीकडे स्पर्धा आणा म्हणजे वीज कंपनीसुद्धा 'सर' म्हणेल. हेडकॅशियर तेवढे विरोधात असतात, कारण त्यांचा मुलगा टेक्सासात ह्यूस्टनला आहे. तिथं २००२ पासून घरगुती ग्राहकाला वीज कंपनी निवडता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं भयंकर थंडी पडली, घाऊक बाजारात वीज युनिटला नऊ डॉलरपर्यंत गेली. ज्यांनी स्वस्त म्हणून बाजारभावाची योजना घेतली होती त्यांना हजारो डॉलरांची बिलं आली. मुलाचा दर करारानं ठरलेला होता, म्हणून तो बिलातून वाचला. थंडीतून वाचायला त्याला ब्लँकेटं पुरली नाहीत ते निराळं. इंग्लंडातही १९९८-९९ पासून घरोघर वीज कंपनी निवडता येते. तिथं २०२१ साली गॅस भडकला आणि तीसेक कंपन्यांचं दिवाळं वाजलं. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले गेले आणि तो खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलात आला. म्हणजे दुकानं अनेक झाली तरी गल्ल्यात हात आपलाच जातो.

आपल्याकडेही एकाच तारेवरून अनेक कंपन्यांनी वीज विकावी असं विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलं. ते समितीकडे गेलं आणि लोकसभा संपली तसं तेही संपलं. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रानं पुन्हा तशाच विचाराचा मसुदा काढला. दुसरीकडे जानेवारी २०२३ मध्ये राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला होता. नवी कंपनी येईल ती कारखाने आणि मॉल बघून येईल, चांगली गिऱ्हाइकं उचलेल आणि उरलेले आमच्या गळ्यात पडतील, अशी त्यांची धास्ती. ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. वधूवर मेळाव्यात नोकरीवाल्या मुलाच्या टेबलाभोवती गर्दी असते, बेकाराला चहासुद्धा स्वतःच आणावा लागतो.

हे मला पटलं ते शेजारच्या बाईंमुळे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आमच्या निम्म्या गल्लीला त्यांनी मुळाक्षरं शिकवलेली, म्हणून अजून सगळे 'बाई'च म्हणतात. एकट्या राहतात. एक ट्यूब, एक पंखा, एक बुटका फ्रिज. बिल कधी पाचशेच्या वर गेलं नाही. त्यांना एका एप्रिलमध्ये बिल आलं चौदा हजार सहाशे वीस रुपयांचं. बाई कंपनीच्या कार्यालयात गेल्या. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "आधी भरा, मग अर्ज करा. जास्त असतील तर पुढच्या बिलात वळते होतील." वळते होईपर्यंत आपण असू की नाही, असा प्रश्न सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला पडतो. तो त्या गृहस्थांना पडला नाही.

आम्हाला हे कळलं ते दहा दिवसांनी. बाईंच्या घरात अंधार दिसला म्हणून सौ. डोकावली. वीज गेली नव्हती. बाईंनीच फ्रिज बंद केला होता, पंखा बंद केला होता, आणि ऐन उकाड्यात खिडकीशी बसून त्या पेपरनं वारा घेत होत्या. म्हणाल्या, "मीटर फिरायला नको ग बाई. पुढचं बिल आणखी मोठं आलं तर?"

विनोदी लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी काही सुचत नाही. बँकवाल्याला सुचतं. त्याला बारीक टाइपातलं वाचायची सवय असते. मी वीज कायदा काढून बसलो. त्याचं छपन्नावं कलम वाचलं आणि मला ते छप्पनभोगासारखं लागलं. पहिली गोष्ट, पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. दुसरी, बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती भरावी. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे चौदा हजार कुठले, बाईंनी चारशे ऐंशी भरले की झालं!

मी अर्ज लिहिला. बाईंनी तो लाल पेनानं तपासला, तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि दहापैकी सात दिले. दोघं कार्यालयात गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा." मी म्हणालो, "पोच द्या." 'पोच' हा शब्द उच्चारताच त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. सरकारदरबारी माणसाचा चेहरा पहायचा असेल तर हा एकच मंत्र आहे. तिथं दाद लागली नाही म्हणून प्रकरण ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे नेलं. वीज कायद्यानंच हे मंच काढायला लावले आहेत. तिथं वकील लागत नाही, आणि तिथंही जमलं नाही तर वर विद्युत लोकपाल आहेत. मीटर तपासला गेला. तो वेड्यासारखा धावत होता. बिल दुरुस्त होऊन आलं. दिलगिरीची ओळ त्यात नव्हती, तिच्यासाठी बिलात रकानाच नसतो.

बाई फ्रिज सुरू करीत म्हणाल्या, "शाळेत ज्याची चूक, त्यालाच मी दहा वेळा लिहायला लावायची. इथं चूक त्यांची आणि लिहायला लावलं मला."

उद्या आमच्या गल्लीत चार वीज कंपन्या आल्या तरी पाचशे रुपयांच्या बाईंकडे 'मॅडम, आमच्याकडे या' म्हणत कोणी येणार नाही. आल्या तर आनंदच आहे. पण ज्याला उठून दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, त्याला बसल्या जागी बोलता तरी आलं पाहिजे. त्याची सोय कायद्यानं केलेली आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून वीज नियामक आयोग आहे. दर बदलायचे तर वितरण कंपनीला त्याच्याकडे जावं लागतं. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, हरकती मागवतात, सुनावणी होते. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास यांच्यासारख्या संस्था तिथं आपल्या वतीनं वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. कारखानदारांचे प्रतिनिधी तर जाडजूड फायली घेऊन हजर असतात. घरगुती ग्राहक, म्हणजे तुम्ही आणि मी, आपली हरकत नोंदवतो ती लाइट गेल्यावर, बाल्कनीत, शेजाऱ्यापाशी. बाल्कनीतल्या हरकतीला पोच मिळत नाही.

छपरावर सौर पॅनेल टाकणं हा एक उपाय आहे. २०२४ च्या योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठेवलं आहे. कंपनीला अखेर एक स्पर्धक मिळाला, आणि तोही साक्षात सूर्यनारायण! पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गच्ची सोसायटीची आणि सोसायटीची सभा सूर्य मावळल्यावर. शिवाय सूर्यनारायणाचा हिशेबही त्याच कंपनीच्या मीटरवर मांडायचा असतो. देवाचंसुद्धा खातं शेवटी तिथंच.

तेव्हा मी आणि बाईंनी दुसरा मार्ग धरला आहे. दरवाढीची पुढची सुनावणी होईल तिला जायचं आम्ही ठरवलंय. सराव म्हणून मागच्या दरप्रस्तावाचा मराठी गोषवारा मी त्यांना छापून आणून दिला. गेले आठ दिवस त्या लाल पेन घेऊन बसल्या आहेत. परवा विचारलं तर म्हणाल्या, "शुद्धलेखनाच्या शहाण्णव चुका निघाल्या, त्या आधी दाखवणार आहे. दरांपर्यंत अजून पोचले नाही."